कपाला तडा, हायड्रोजनचा धडा!

गेल्या वीकेंडला पुण्याहून धाराशिवला घरी गेले होते. थंडगार कपात उकळता चहा ओतला आणि कपाला सरळ तडा! आई म्हणाली, "अगं, आधी गरम पाण्यानं विसळायचा ना!" बॉस, हायड्रोजनवाल्यांची डोकेदुखीसुद्धा नेमकी हीच आहे.

पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या नेहमीच्या यंत्राला किलोमागे पन्नासेक युनिट वीज लागते. झिर्कोनिया या सिरॅमिकच्या पातळ चकत्या वापरून 700-800 अंशांवर वाफ दिली, तर चाळीसच्या आसपास भागतं. सही ना? पुण्याची एचटूई पॉवर ही कंपनी याच जातीच्या सिरॅमिकवर काम करते.

पण लॅबमध्ये तळहाताएवढी चकती चालवणं वेगळं. कारखान्यासाठी अशा हजारो चकत्या एकावर एक रचाव्या लागतात. एकीला तडा गेला की अख्खी चळत धोक्यात! शिवाय तापल्यावर सिरॅमिक आणि स्टील सारखं फुगत नाहीत. रोज तापवा, रोज थंड करा, की सांधे उसवलेच म्हणून समजा.

आमच्याकडे ऊन रग्गड, पण ते संध्याकाळी ऑफिस सोडतं! मग रात्री यंत्र गरम ठेवायला माळावरच्या पवनचक्क्या किंवा साठवलेली वीज हवी. आणि पाणी? किलोमागे किमान 9 लिटर. टँकरची वाट बघत मोठे झालेल्या आम्हाला हा आकडा लगेच टोचतो.

जानेवारी 2023च्या केंद्राच्या मिशनचं टार्गेट आहे, 2030पर्यंत वर्षाला 50 लाख टन ग्रीन हायड्रोजन. टार्गेट झकास आहे. फक्त ओतण्याआधी कप विसळून घ्या, इतकंच!