ऊर्जेपलीकडचे मायटोकॉन्ड्रिया

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र, ही शाळेतली व्याख्या परजीवींपुढे अपुरी पडते. जुलाब घडवणाऱ्या जिआर्डियात ते नाहीतच, असे बराच काळ मानले जाई. २००३ मध्ये त्यांचे इवलेसे अवशेष, मायटोसोम, ओळखले गेले: डीएनए नाही, ऊर्जानिर्मिती नाही, पण प्रथिनांना लागणारे लोह-गंधकाचे पुंजके तिथे घडतात. रक्तातला मलेरियाचा परजीवीही ऊर्जा मुख्यतः ग्लुकोज फोडूनच मिळवतो. त्याचे मायटोकॉन्ड्रियन राबते ते डीएनएच्या कच्च्या मालासाठी, आणि अ‍ॅटोव्हाक्वोन हे औषध नेमका तिथेच घाव घालते. म्हणजे ऊर्जेचे काम सुटू शकते, पण पुंजक्यांचे सुटत नाही, असे वाटते. यावर आक्षेप येतो: ते तरी का सुटू नये? चिंचिलाच्या आतड्यातल्या मोनोसर्कोमोनॉइड्स या एकपेशीय जीवामध्ये मायटोकॉन्ड्रियाचा मागमूसही नसल्याचे २०१६ मध्ये दिसले, तेव्हा हा आक्षेप रास्तच आहे. मात्र पुंजके घडवणारी जनुके त्याला जिवाणूंकडून मिळाली आहेत, म्हणून तेच काम तिथे मायटोकॉन्ड्रियाविना चालते.