शेवटचे अठरा सेकंद

भारतातून पाहुणे आले की सॅन डिएगोत राहणाऱ्या आम्हा मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी प्राणिसंग्रहालय, दुसऱ्या दिवशी समुद्रकिनारा आणि तिसऱ्या दिवशी बंदरात उभे असलेले 'मिडवे' हे विमानवाहू जहाज. १९४५ साली अमेरिकन नौदलात दाखल झालेले आणि १९९२ साली निवृत्त झालेले हे जहाज २००४ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. पाहुण्यांच्या निमित्ताने मी ते सात-आठ वेळा तरी पाहिले असेल, आणि दर वेळी माझे निम्मे लक्ष उपाहारगृहाकडे असते, हे कबूल करायला हवे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र बरोबर माझे मामा होते. १९७१ साली ते आपल्या जुन्या 'विक्रांत'वर होते. वैमानिक म्हणून नव्हे, तर डेकवर विमाने हलवणाऱ्या तुकडीत. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ डेकवर पाऊल ठेवताच विमानांकडे न बघता खाली बघू लागला आणि म्हणाला, "अरे, तारा कुठायत?"

विमानवाहू जहाजाचा सगळा खेळ त्या तारांवर आहे. विमानतळावर जेट विमानाला थांबायला मैलभर धावपट्टी लागते. जहाजावर तीनशे-साडेतीनशे फुटांत आणि दोन-तीन सेकंदांत थांबावे लागते. त्यासाठी विमानाच्या शेपटीखाली एक हूक असतो आणि डेकवर आडव्या ताणलेल्या जाड पोलादी तारा असतात. हूक तारेत अडकला की तार विमानाला खेचून धरते. अमेरिकेच्या निमिट्झ वर्गाच्या बहुतेक जहाजांवर पद्धत अशी, की साधारण चाळीस-चाळीस फुटांवर चार तारा आणि त्यांतली तिसरी पकडायची. फार लवकर उतरलात तर जहाजाची मागची कड आहेच!

आता ही तार चुकली तर काय? १९४५ सालच्या 'मिडवे'वर या प्रश्नाचे उत्तर फारसे सुखाचे नव्हते. डेक सरळ होता. तार चुकलेले विमान पुढे उभारलेल्या अडथळ्यात घुसायचे, आणि तोही चुकला तर त्यापलीकडे उभ्या विमानांवर आणि माणसांवर. जेट विमाने आली, वेग वाढला आणि हे प्रकरण हाताबाहेर जाऊ लागले. १९५४ या एका वर्षात अमेरिकन नौदल आणि मरीन यांनी मिळून ७७६ विमाने गमावली. हा आकडा जहाजे आणि किनाऱ्यावरचे तळ असा सगळा मिळून आहे, तरीही सरासरी दिवसाला दोन विमाने होतात, आणि तीही कोरियाचे युद्ध थांबल्यानंतर. आज वर्षाचा आकडा दोन अंकांच्या पुढे जात नाही.

फरक पडला तो आधी तीन ब्रिटिश कल्पनांमुळे. पहिली, उतरण्याची पट्टी जहाजाच्या मध्यरेषेपासून काही अंश तिरकी करायची. आता तार चुकली तर समोर मोकळा समुद्र. वैमानिक पुन्हा उडून दुसरा फेरा मारू शकतो. म्हणूनच चाके डेकला टेकताच वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण जोरात सोडतो. दुसरी कल्पना, विमान फेकणारे वाफेचे कॅटपल्ट. तिसरी, दिव्यांचा आरसा. त्याच्या प्रकाशबिंदूवरून आपण वर आहोत की खाली, हे वैमानिकाला स्वतःला कळते. त्याआधी डेकवर उभा असलेला अधिकारी हातातल्या रंगीत फळ्यांनी खुणा करायचा. फळ्या गेल्या, पण त्या अधिकाऱ्याला अजूनही 'पॅडल्स' असेच म्हणतात. 'मिडवे' १९५५ ते १९५७ दुरुस्तीला गेले ते तिरका डेक घेऊनच परत आले. आपल्या 'विक्रांत'वर मात्र १९६१ साली पहिल्या दिवसापासून या तिन्ही गोष्टी होत्या. मामांनी हे तिथल्या निवृत्त अमेरिकन मार्गदर्शकाला दोनदा ऐकवले.

तरीही उतरणे सोपे झाले नाही. अगदी शेवटच्या सरळ टप्प्याला पंधरा ते अठरा सेकंद लागतात आणि एवढ्या वेळात वैमानिक हातांनी शेकडो बारीक दुरुस्त्या करत असे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात वैमानिकांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा बाँब टाकतानापेक्षा जहाजावर उतरताना ते अधिक वेगाने पडतात असे दिसले. माझी डॉक्टरेट नियंत्रणशास्त्रातली असल्यामुळे हे असे का, ते थोडे सविस्तर सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

जुन्या घरातल्या न्हाणीघरातले दोन नळ आठवा, एक गिझरचा आणि एक गार पाण्याचा. पाणी कढत वाटले म्हणून गार नळ सोडला तर धार वाढते. धार कमी करावी म्हणून गिझरचा नळ फिरवला तर पाणी गार पडते. एक सुधारायला जावे तर दुसरे बिघडते. विमानाचे तसेच आहे. उजव्या हातातल्या दांड्याने नाकाचा कोन सांभाळायचा, डाव्या हाताने इंजिनाचा जोर बदलून उंची सांभाळायची. पण जोर वाढवला की कोन बदलतो. मध्यरेषेवर येण्यासाठी विमान कलते केले की ते खाली घसरते, म्हणून पुन्हा जोर वाढवायचा. आणि हे सगळे होत असताना ती मध्यरेषा तिरकी आणि जहाज पुढे चाललेले, म्हणजे लक्ष्य सतत उजवीकडे सरकते आहे! रात्र असेल, समुद्र खवळलेला असेल, तर डेक वरखालीही होणार.

यावरचा नवा उपाय संगणकाचा आहे. एफ-१८ सुपर हॉर्नेटसाठी अमेरिकन नौदलाच्या अभियंत्यांनी जी नियंत्रण-प्रणाली लिहिली तिचे लाडके नाव 'मॅजिक कार्पेट', म्हणजे जादूचा गालिचा. २०१५ साली तिची समुद्रात चाचणी झाली आणि पुढच्या दोन वर्षांत ती प्रत्यक्ष वापरात आली. तिच्यामागची कल्पना सांगायला सोपी आहे: वैमानिकाने नळ फिरवायचे नाहीत, फक्त पाणी कसे हवे ते सांगायचे. दांडा किंचित हलवला की संगणक पंखांवरच्या झडपा हलवून विमान सरळ वर किंवा खाली नेतो, नाकाचा कोन जागच्या जागी ठेवतो आणि इंजिनाचा जोर आपला आपण सांभाळतो. दांडा सोडला की विमान जहाजाच्या वेगाचा हिशेब करून आपल्या उताराच्या रेषेवर परत येते. शेकडो दुरुस्त्यांच्या जागी दहा-वीस उरल्या. विमानाला ना नवे पंख लावले ना नवे इंजिन, बदलले ते फक्त आत चालणारे गणित. आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठे समाधान नाही.

पण याच धंद्यातला माणूस म्हणून थोडी धाकधूकही वाटते. या सोयीमुळे २०२५ साली अमेरिकन नौदलाने ठरवले, की लढाऊ विमानांच्या शिकाऊ वैमानिकाला 'पंख' मिळण्यापूर्वी जहाजावर उतरून दाखवण्याची अट नको. ते शिक्षण त्याला पुढे, प्रत्यक्ष लढाऊ विमानावर मिळेल. कित्येक पिढ्या ज्या परीक्षेने रात्रीची झोप उडवली, ती पहिल्या पायरीवरून उचलून दुसऱ्या पायरीवर नेली. पैसा आणि वेळ वाचतो, हे खरे. पण प्रणाली बिघडली, त्या रात्री डेक हलत असला आणि इंधन संपत आले असले, तर हातांना जुनी सवय लागेलच. माझ्या मते ती सवय मोडू देणे महाग पडेल. मामा माझ्याशी सहमत नव्हते. "पोरं कमी मरतायत ना? मग झालं," एवढेच ते म्हणाले. अपघातानंतर डेक धुताना पाहिलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा, हे मला सुचले नाही.

आणि गणित कितीही उत्तम असले तरी शेवटी विमान थांबवते ती तारच. ६ मे २०२५ रोजी लाल समुद्रात 'ट्रुमन' जहाजावर एक सुपर हॉर्नेट डेकवर टेकूनही अटकाव यंत्रणेच्या बिघाडामुळे थांबले नाही आणि समुद्रात गेले. दोघे वैमानिक बाहेर फेकले गेले आणि हेलिकॉप्टरने त्यांना उचलले. त्याच जहाजाचे दुसरे एक विमान त्याआधी आठवडाभर ओढून नेताना समुद्रात पडले होते. आणि २०२४ च्या डिसेंबरात तिसरे चक्क सोबतच्याच अमेरिकन युद्धनौकेने चुकून पाडले. त्यातलेही दोघे वाचले.

राहणीमानाबद्दल फार लिहीत नाही. झोपायच्या जागा अजूनही एकावर एक तीन आहेत आणि डोक्यावर विमाने आदळतच असतात. १९९४ पासून अमेरिकेच्या विमानवाहू जहाजांवर स्त्रियाही राहतात आणि उडतात. आपल्याकडे कोचीत बांधलेल्या, २०२२ साली दाखल झालेल्या नव्या 'विक्रांत'वर स्त्रियांसाठी केबिन आराखड्यातच आखल्या होत्या.

खरा बदल झाला आहे तो पत्रांत, आणि तो आपणा परदेशस्थांना सांगायला नको. १९७१ साली मामांच्या पत्त्यात जहाजाचे नाव आणि मुंबईचे फ्लीट मेल ऑफिस एवढेच असायचे. जहाज कुठे आहे ते घरी कोणालाच ठाऊक नव्हते. चारपैकी एक बॉयलर तडकलेला, म्हणून वेग कमी, म्हणून विमान उडवायला लागणारा समोरचा वाराही कमी, अशा अवस्थेत 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात गेले. ४ डिसेंबरला त्याच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. आजीला हे सगळे रेडिओवरून कळले आणि मुलाची खुशाली कळली ती जानेवारीत.

अमेरिकन जहाजांवरही तीच तऱ्हा होती. टपाल घेऊन येणारे छोटे विमान दिसले की डेकवर आनंदीआनंद होई. मूल झाल्याची बातमी रेडक्रॉसच्या तारेने येई. १९९० च्या दशकात ई-मेल आली, आणि २०२४ साली 'एब्राहम लिंकन'वर खलाशी आपापल्या फोनवरून घरच्यांशी बोलत होते. 'आयसेनहॉवर' २०२३-२४ मध्ये तब्बल नऊ महिने घराबाहेर होते. एवढ्या काळात मुलाचा चेहरा दिसणे ही लहान गोष्ट नाही.

मात्र जुन्या पत्राच्या उशिरात एक दयाही होती. छत गळते आहे, हे कळेपर्यंत कोणीतरी ते दुरुस्त केलेले असे. आता मुलाला एकशे चार ताप आहे, हे उड्डाणाच्या तासभर आधी कळते आणि तेच डोक्यात घेऊन ते शेवटचे अठरा सेकंद काढायचे असतात. पुण्याहून पहाटे आलेला फोन घेऊन नंतर दिवसभर ऑफिसात बसलेल्या आपल्यातल्या कोणालाही याची कल्पना करता येईल. आणि कधी कधी तो फोन एकाएकी बंद होतो. जहाजाचा ठावठिकाणा लपवायचा असेल किंवा कोणी दगावले असेल तर सगळी संपर्कसाधने तोडतात. 'रिव्हर सिटी' असे त्या स्थितीचे सांकेतिक नाव आहे. दगावलेल्याच्या घरी अधिकाऱ्याने समक्ष जाऊन सांगेपर्यंत बातमी बाहेर फुटू नये, हा हेतू. पूर्वी घरच्यांना शांततेची सवय होती. आता दोन दिवस संदेश आला नाही की प्रत्येक घर दारावरच्या घंटेकडे कान लावून बसते.

ज्यांचा 'मिडवे'ला जायचा बेत असेल त्यांनी निदान तीन तास ठेवावेत. खालच्या मजल्यांचे जिने शिडीसारखे उभे आहेत, तेव्हा वडीलधाऱ्यांना आधी डेकवर न्यावे आणि तिथल्या निवृत्त वैमानिकांना खुशाल प्रश्न विचारावेत. त्यांना बोलायला आवडते. मुलांना डेकच्या स्वच्छतेबद्दल मुद्दाम विचारायला सांगा. पडलेला एखादा स्क्रूसुद्धा इंजिनात ओढला जाऊन विमान बुडवू शकतो, म्हणून सगळी माणसे खांद्याला खांदा लावून, खाली बघत, डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून जातात. तेवढे मात्र कोणत्याही संगणकाने अजून बदललेले नाही. आम्ही घरी परतल्यावर मामांच्या खिशातून दोन केसांच्या पिना, एक बाटलीचे झाकण आणि तिकिटाचा अर्धा तुकडा निघाला.