अडलंय नेमकं कुठे?

शनिवारी दुपारी ओपीडी संपल्यावर मी आमच्या विभागातल्या जुन्या संगणकावर शस्त्रक्रिया करायला बसलो. मी फिजिशियन. शस्त्रक्रिया हे आपलं काम नव्हे, हे तेव्हाच आठवायला हवं होतं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या जुन्या यंत्रावर चढेना. नव्या यंत्राची मागणी केली, तर तो कागद किती टेबलांवर विसावा घेईल, हे सरकारी नोकरीतल्या माणसाला सांगायला नको. म्हणून विभागप्रमुखांना विचारून, विंडोज तसंच ठेवून, शेजारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवायची ठरवली. तासाभरात काम झालं. पेन ड्राइव्ह काढला, यंत्र पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ: ‘नो बूटेबल डिव्हाइस’. लिनक्स नाही आणि विंडोजही नाही.

त्या डिस्कवर आमची पायाच्या जखमांची यादी होती. ड्रेसिंगला कोण आलं, कोण चुकलं, कोणाला शेजाऱ्याच्या फोनवर निरोप द्यायचा, असं सगळं. मधुमेहात पायाच्या चेतातंतूंना इजा झालेली असली की जखम दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही. आम्ही फोन केला नाही, तर पुढच्या वेळी तो काळी पडलेली बोटं घेऊन येतो. यादीची दुसरी प्रत? नव्हती. आणि मी रोज लोकांना सांगतो, गोळ्या संपायच्या आत या!

आमचा इंटर्न म्हणाला, ‘सर, परत इन्स्टॉल करून टाकू या.’ हुशार मुलगा आहे, पण हा सल्ला निदानाआधीच सलाइन लावण्यातला होता. दुसऱ्यांदा बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या पर्यायावर बोट पडलं असतं, तर यादी कायमची गेली असती. चालू न होणं आणि आतलं सगळं नष्ट होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरलेल्या माणसाला त्या एकच वाटतात.

एखाद्याचा पाय हलत नसेल, तर आम्ही आधी विचारतो, अडलंय कुठे? मेंदूत, मणक्यात, चेतातंतूत की स्नायूत? संगणकाचंही तसंच. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत एक साखळी असते आणि कुठल्या कडीवर ती थांबली, हे पडदाच सांगत असतो. पंखाही फिरला नाही, तर वीजपुरवठा बघा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमला, म्हणजे फर्मवेअरला, पुढे कोणाला हाक मारायची ते सापडलेलं नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरं आली, तर लिनक्सचा दारवान जागा झालाय, पण त्याला स्वतःच्या फायली मिळत नाहीत. ‘कर्नल पॅनिक’ हे नाव भयंकर असलं, तरी तिथवर पोहोचणं म्हणजे बराच रस्ता पार झालाय. दीड मिनिट ताटकळून ‘इमर्जन्सी मोड’ आला, तर बहुधा ‘एफएस-टॅब’ या फायलीत अशा डिस्कचं नाव आहे जी आता जोडलेलीच नाही. आणि नुसताच काळा पडदा दिसला, तर आत यंत्र व्यवस्थित चालू असून फक्त ग्राफिक्स कार्डाचं जमत नसेल. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबल्यावर लॉगिनची ओळ दिसली, तर रोगी जिवंत आहे, फक्त बोलत नाही असं समजा. सुरुवातीच्या मेनूत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून त्याला बहुतेकदा तात्पुरतं बोलतं करता येतं.

आमचा बिघाड दुसऱ्या कडीवरचा होता. मग मी स्वतःचीच हिस्टरी घेतली. शेवटचं नीट कधी चाललं? शुक्रवारी. त्यानंतर काय बदललं? इथे रोगी जरा अडखळला. पेन ड्राइव्ह यंत्राला दिसत नव्हता, म्हणून कोणीतरी सांगितल्यावरून मी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये ‘यूईएफआय’च्या जागी ‘लेगसी’ केलं होतं. शिवाय बसवण्याच्या अखेरीस एक चौकट आली होती, ‘ग्रब’ बसवता आला नाही अशा अर्थाची. मी ओके दाबलं होतं. न वाचता. रिपोर्टवर लाल खूण असताना ‘नॉर्मल आहे, जा’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर मी ओरडलो असतो.

जुन्या पद्धतीत यंत्र डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये सुरुवात शोधतं. नव्या, यूईएफआय पद्धतीत ते डिस्कवरच्या एका छोट्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेली फाइल शोधतं. आमचं विंडोज नव्या पद्धतीचं. मी यंत्राला जुन्या पत्त्यावर पाठवलं आणि तिथे कोणीच राहत नव्हतं. एवढंच झालं होतं.

तरीही दुरुस्तीआधी रोगी स्थिर करायचा असतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स न बसवता नुसतं चालवता येतं. तसं चालवलं आणि विंडोजचा कप्पा उघडला. तो फक्त वाचण्यापुरता उघडला, कारण विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे तो अर्धवट झोपेत होता. आम्हाला वाचण्यापुरताच हवा होता. यादी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवली आणि सिस्टरांनी चहा मागवला.

मग संशयाची खात्री. यूईएफआय पद्धतीने चालू झालेल्या लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरातल्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर असतं. आमच्याकडे नव्हतं. सेटिंग परत यूईएफआय केलं आणि विंडोज मुकाट्याने चालू झालं. मग पेन ड्राइव्ह त्याच पद्धतीने चालू करून मिंटमधल्या ‘बूट रिपेअर’ने ग्रब योग्य कप्प्यात बसवला. पुढच्या वेळी मेनूत दोन्ही नावं आली. मुळात पेन ड्राइव्ह का दिसत नव्हता, तर यंत्राच्या पुढच्या बाजूचा यूएसबी पोर्ट सैल होता. मागच्या बाजूला लावल्यावर लगेच दिसला!

तुमच्या यंत्रावर ‘बिटलॉकर’ चालू असेल, तर मात्र फर्मवेअरच्या सेटिंगला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बदल झाल्यावर यंत्र ती मागू शकतं, आणि की नसेल तर वर सांगितलेला कप्पा उघडून वाचण्याचा उपायही चालत नाही.

सोमवारी सिस्टरांनी यादी उघडून न आलेल्यांना फोन लावले. एका आजींनी विचारलं, ‘शनिवारी का नाही केला फोन? मी वाट बघत होते.’ सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आजी, सरांची तब्येत जरा बरी नव्हती.’