रानवाटेची पदवी

नाकाडोंगरीसारख्या वनालगतच्या गावात वाढलेल्या आपल्या मुलाने ‘मला रानभटकंतीचेच शिक्षण घ्यायचे आहे’ असे म्हटले, तर त्याला हसू नका. स्वतः भटकणे हा छंद आहे. दहाजणांना रानात नेऊन सुखरूप परत आणणे ही विद्या आहे. कॅनडातील लेकहेड विद्यापीठ या विषयाची पदवी देते. आपल्याकडे दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये, तर उत्तरकाशीची १९६५ मध्ये स्थापन झाली.

प्रवेशापूर्वी मात्र एक प्रश्न अवश्य विचारा : प्रथमोपचार पुस्तकातूनच शिकवतात, की प्रत्यक्ष करून घेतात? विदर्भातील उन्हात सहलीतील मूल असंबद्ध बोलू लागले, तर तो निव्वळ थकवा समजू नये. तो उष्माघात असू शकतो. त्याला तत्काळ सावलीत न्यावे, अंग भिजवावे, वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे. सर्पदंशाच्या जागी चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल आवश्यक मानते. त्यांना घराबाहेर नेणारी जाणती माणसे हवीतच. त्यांत आपले मूल असले, तर अभिमान बाळगा.