जुन्या लिनक्स लॅपटॉपला वेगवान पोर्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या लॅपटॉपला नवे वेगवान यूएसबी पोर्ट जोडता येतात का, हे त्याच्या वयावर ठरत नाही. आतल्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीपर्यंत बाहेरून पोचता येते का, यावर ते ठरते. यूएसबी २.० हे मानक २००० सालचे. त्याचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला तरी फाइल उतरवताना हातात पडतात ३० ते ४० मेगाबाइट. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट आहे. इंटेलने तो आपल्या चिपसेटमध्येच घातला २०१२ मध्ये, म्हणून त्याआधीच्या बहुतेक लॅपटॉपवर ही पोर्ट दिसत नाहीत. थिंकपॅड टी४२० वर ती नाहीत, पुढच्या वर्षीच्या टी४३० वर दोन आहेत. तेव्हा खर्चाचा विचार करण्याआधी आपल्या मॉडेलची माहिती वाचावी. जे विकत आणायला निघालो ते कदाचित अंगावरच असेल.

लिनक्सला अशा कार्डांचे ड्रायव्हर मिळत नाहीत, हा सर्वांत पसरलेला समज आहे आणि तो पूर्ण उलटा आहे. यूएसबी ३.० चा आधार सर्वांत आधी लिनक्सला मिळाला, सप्टेंबर २००९ मधल्या २.६.३१ या कर्नलमध्ये. विंडोज ७ ला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागे. विंडोजमध्ये तो अंगभूत आला २०१२ च्या विंडोज ८ पासून. लिनक्सवर कार्ड खोचले की ते बहुधा लगेच ओळखले जाते, सीडी लागत नाही. अपवाद आहे रेनेसास या कंपनीच्या काही चिपांचा. ज्या कार्डांवर फर्मवेअर साठवण्याची सोय नसते त्यांना ते संगणकाकडून भरून द्यावे लागते, आणि असे भरून देण्याची सोय कर्नलमध्ये ५.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून आहे. जुने कर्नल चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

दुसरा गैरसमज खिशाला लागतो. निळ्या पोर्टांचा ३.० हब घेतला की वेग वाढेल, असे मानून जळगावच्या गोलाणी मार्केटमधून किंवा धुळ्याच्या एखाद्या दुकानातून हब आणला जातो आणि तो जुन्या २.० पोर्टला लावला जातो. पोर्टची संख्या वाढते. वेग ४८० मेगाबिटच राहतो, उलट तोच आता चार उपकरणांत वाटला जातो. यूएसबी २.० च्या तारेत चार वाहक असतात, ३.० ला आणखी पाच लागतात. ते पाच संपर्कबिंदू मूळ पोर्टमध्येच नसतील तर कोणताही हब किंवा अडॅप्टर ते निर्माण करू शकत नाही.

खरा मार्ग आहे एक्सप्रेसकार्डचा. साधारण २००५ ते २०१२ या काळातल्या अनेक व्यावसायिक लॅपटॉपच्या कडेला ही खाच असते, ३४ किंवा ५४ मिलिमीटर रुंदीची. तिच्यात पीसीआय एक्सप्रेसची एक लेन थेट येते, आणि यूएसबी ३.० चे कार्ड तिथेच बसते. टी४२० ला ३४ मिलिमीटरची, तर थिंकपॅड एक्स२२० ला ५४ ची खाच आहे. रुंद खाचेत अरुंद कार्ड चालते, उलटे चालत नाही. मात्र कार्डाच्या खोक्यावर छापलेले ५ गिगाबिट प्रत्येक लॅपटॉपवर मिळत नाहीत. २०१० आणि त्याआधीच्या इंटेल लॅपटॉपमध्ये ही लेन सहसा पहिल्या पिढीच्या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात २०० च्या आसपास. २०११ च्या मॉडेलपासून ही मर्यादा दुप्पट होऊ शकते. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा सविस्तर माहितीच्या पर्यायासह दिली की लेनचा चालू वेग कळतो, आणि ‘एलएसयूएसबी’ ची झाडासारखी मांडणी पाहिली की उपकरण ४८० वर अडकले आहे की ५००० वर, ते दिसते.

मग २०० मेगाबाइट म्हणजे फसवणूक झाली का? मुळीच नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जशी जुनी हस्तलिखिते आहेत, तशा कागदांच्या मोठ्या प्रतिमांचा १०० गिगाबाइटचा संग्रह हलवायचा आहे असे धरू. २.० पोर्टवर त्याला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. फिरत्या तबकडीची छोटी हार्डडिस्क स्वतःच १०० मेगाबाइटच्या आसपास थांबते, त्यामुळे एक्सप्रेसकार्डावरून ते काम सुमारे १७ मिनिटांत होईल. एसएसडी असेल तर ८ ते ९ मिनिटांत. उलट स्वस्त पेनड्राइव्हवर ३.० लिहिलेले असूनही तिचा लिहिण्याचा वेग कित्येकदा १०-२० मेगाबाइटच असतो. तिच्यासाठी कार्ड घेणे व्यर्थ आहे.

पोर्ट आले म्हणजे वीजही आली, हा समज महागात पडतो. यूएसबी ३.० उपकरणाला ५ व्होल्टवर ९०० मिलिअँपिअरपर्यंत मागण्याचा हक्क आहे, म्हणजे साडेचार वॅट. एक्सप्रेसकार्डच्या खाचेत ५ व्होल्ट मुळात नसतातच. ३.३ व्होल्टच्या वाहिनीतून जेमतेम ४ वॅट मिळतात आणि कार्डाला व्होल्टेज वाढवून ते दोन पोर्टांत वाटावे लागतात. परिणामी डिस्क फिरू लागते आणि कॉपी अर्ध्यावर असताना निखळते; दोष मात्र लिनक्सला दिला जातो. म्हणून बाहेरून ५ व्होल्ट घेण्याची सोय असलेले कार्ड घ्यावे, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला ३.० हब त्या कार्डाला जोडावा. हब इथे कामाचा ठरतो. वीज पुरली तरी उष्णतेचा प्रश्न उरतो. काही बाह्य हार्डडिस्कसाठी कंपन्यांनी दिलेली वापराची कमाल मर्यादा ३५ अंश असते, आणि जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. मोठी कॉपी पहाटे करावी हा सल्ला इथे अगदी व्यवहारी आहे.

टाइप-सी म्हणजे वेग, हेही खरे नाही. टाइप-सी हे तोंडाच्या आकाराचे नाव आहे, त्यामागे २.० ही असू शकते. एक्सप्रेसकार्डावर टाइप-सी पोर्ट मिळाले तरी त्यातून लॅपटॉप चार्ज होणार नाही, बाहेरची स्क्रीन चालणार नाही आणि थंडरबोल्ट तर नाहीच.

जोडलेल्या पोर्टवरून लॅपटॉप सुरू करता येईल, ही अपेक्षाही बहुधा फसते. जुना बायोस त्या कार्डाला ओळखत नाही; कर्नल चालू झाल्यावरच ते जागे होते. लिनक्सची इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह मूळ २.० पोर्टलाच लावावी. वायरलेस माउस अडखळू लागला तर त्याचा रिसीव्हर कार्डापासून दूरच्या पोर्टला न्यावा, कारण ३.० चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो.

एक्सप्रेसकार्डची खाच नसेल तर वाय-फाय कार्ड काढून त्या मिनी पीसीआय एक्सप्रेस जागेत यूएसबी कार्ड बसवण्याची युक्ती सांगितली जाते. पण काही कंपन्यांचा बायोस ठरावीक कार्डांखेरीज इतरांना नाकारतो आणि झाकणही नीट बसत नाही. त्यापेक्षा बाह्य डिस्क जोडण्याचे ईसॅटा पोर्ट आहे का ते पाहावे, २.० यूएसबीपेक्षा ते कितीतरी वेगवान असते. तेही नसेल तर आतली हार्डडिस्क काढून साटा एसएसडी बसवावी आणि मोठ्या फाइली आतच ठेवाव्यात.