रोजची भाकर आणि रोजचे शास्त्रवाचन

देव आपल्या गरजा पुरवील, हे आश्वासन आपल्या उपदेशांत वारंवार येते. पीक बुडालेल्या शेतकऱ्यापुढे, आजाऱ्याच्या खाटेजवळ, लेकरांच्या शिक्षणाच्या चिंतेत पडलेल्या विधवेच्या घरी आपण ते उच्चारतो. परंतु ज्या वचनाने दुसऱ्यास धीर द्यावयाचा, ते आपल्या अंतःकरणात रुजले आहे काय, हा प्रश्न पाळक व धर्मशिक्षक यांनी प्रथम स्वतःस विचारावयास हवा. ईश्वरी तरतुदीवरील भरवसा हा केवळ स्वभावाचा गुण नव्हे. तो शास्त्राच्या नित्य व खाजगी अभ्यासाने पोसला जातो, असे आम्हांस वाटते.

निर्गमाच्या १६ व्या अध्यायापासून आरंभ करू. सीन रानात इस्राएल लोक भुकेने कुरकुर करू लागले, तेव्हा देवाने त्यांना मान्ना दिला. दरडोई एक ओमर गोळा करावा आणि सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवू नये, अशी आज्ञा होती. ज्यांनी शिल्लक ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करावयाचा होता, आणि तो शब्बाथ दिवशी नासला नाही. म्हणजे साठवण हाच दोष नव्हता. देवाचा शब्द ऐकून त्याप्रमाणे वागणे, ही खरी कसोटी होती. अनुवादाच्या ८ व्या अध्यायात मोशे हाच अर्थ उलगडून दाखवितो, आणि त्या अध्यायातील वचन प्रभू येशूने अरण्यातील परीक्षेच्या वेळी सैतानास उत्तर म्हणून दिले. भाकर आणि वचन यांची सांगड शास्त्रानेच घातलेली आहे.

या सांगडीचे एक परिचित उदाहरण म्हणजे इंग्लंडातील ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर (१८०५-१८९८). अनाथाश्रम काढण्याचा विचार मनात घोळत असता डिसेंबर १८३५ मध्ये ८१ वे स्तोत्र वाचताना त्यातील १० व्या वचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. तोंड उघडणाऱ्यास देव तृप्त करील, असा त्या वचनाचा आशय आहे. त्या बळावर त्यांनी एक हजार पौंड, योग्य इमारत व योग्य सेवक यांसाठी प्रार्थना आरंभिली. १८३६ साली पहिला आश्रम उघडला, आणि सुमारे दीड वर्षात ती सर्व रक्कम पूर्ण झाली.

ही कथा पुष्कळांस ठाऊक असते. १८४१ सालची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. तोवर म्यूलर सकाळी उठताच प्रार्थनेस लागत, पण बराच वेळ त्यांचे मन भरकटत राही. त्या वर्षापासून त्यांनी क्रम बदलला. प्रथम नव्या करारातील थोडासा भाग घेऊन त्यावर मनन करावे, आणि त्यातूनच प्रार्थना, उपकारस्तुती व पापकबुली उगवू द्यावी, असा त्यांचा परिपाठ झाला. हे वाचन उपदेशाच्या तयारीसाठी नसून स्वतःच्या आत्म्याच्या अन्नासाठी आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. आपल्या सेवेतील धोका नेमका येथेच आहे. रविवारच्या संदेशासाठीच जो शास्त्र उघडतो, तो पंगतीत वाढीत राहतो आणि स्वतः उपाशी उठतो.

अभ्यासाचा दुसरा नियम असा, की वचन त्याच्या संदर्भातून तोडू नये. ८१ व्या स्तोत्रातील ते आश्वासन एका तक्रारीला लागून आले आहे; माझे लोक माझे ऐकत नाहीत, असे देव तेथे खेदाने म्हणतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायातील, देव तुमची सर्व गरज पुरवील हे वचनही असेच पाहावे. बंदिवासातील पौलासाठी ज्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती देणगी पाठविली, तिला उद्देशून ते लिहिले आहे. देणाऱ्या मंडळीस दिलेले आश्वासन न देणाऱ्याने आपल्या सोयीसाठी वापरू नये.

२ करिंथ ८ मध्ये तर पौल मान्न्याचीच आठवण देतो, आणि ती यरुशलेमेतील गरजू पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करताना. रानात ज्याने पुष्कळ गोळा केले त्याला जास्त झाले नाही, आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. मंडळ्यांमध्येही तसेच व्हावे, अशी त्याची इच्छा. आपली गरज माणसांपुढे मांडावयाची नाही, हा म्यूलर यांनी स्वतःसाठी पत्करलेला नियम होता. पौल मात्र बंधुजनांसाठी उघडपणे मागतो. म्हणून ज्या धर्मशिक्षकाचे वेतन महिनोन्‌महिने थकले आहे, त्यास ‘विश्वास ठेवा’ एवढेच सांगून मंडळीच्या पंचांनी मोकळे होणे शास्त्रास धरून नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, ही प्रभूचीच शिकवण आहे. पुष्कळदा देवाची तरतूद शेजाऱ्याच्या हातून येते, आणि तो हात आपलाही असू शकतो.

आपल्या भाषेतही याची साक्ष आहे. पंडिता रमाबाईंनी म्यूलर यांचा वृत्तान्त वाचला, आणि भारतातही प्रभूवर असा भरवसा ठेवता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार स्त्रियांना व मुलींना त्यांनी आसरा दिला, तेव्हा त्याचे उत्तर कृतीत उतरले. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्यासाठी कष्ट केले. भुकेल्यांस भाकर देणाऱ्या त्या बाईंस वचनावाचून ते अन्न अपुरे वाटले.

आमची सूचना साधी आहे. सकाळी, इतर कामे हाती घेण्यापूर्वी, एखादा लहानसा भाग संपूर्ण वाचावा. तो कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी सांगितला हे पाहावे. त्यात देव काय देतो आणि काय मागतो, अशा दोन ओळी वहीत लिहाव्या, आणि मग प्रार्थना करावी. त्या दिवशी त्यातून संदेश निघाला नाही तरी हरकत नाही. मान्नाही एका दिवसाचाच मिळत असे. उद्याचा वेचण्यासाठी उद्या पुन्हा पहाटे बाहेर पडावे लागे.