माळ्यावर प्रार्थना, खाली चहा

बेल्जियममधल्या पोपरिंगे गावातल्या एका जुन्या घरात पाऊल टाकलं की आजही आधी चहा पुढे येतो. देणारा पगारी नोकर नसतो. काही आठवड्यांची सवड काढून, बहुतेक वेळा इंग्लंडहून आलेला तो स्वयंसेवक असतो. इथे राहायचं, आल्यागेल्याची विचारपूस करायची, किटली रिकामी होऊ द्यायची नाही, एवढं त्याचं काम. या घराचं नाव टॅल्बट हाउस. परमुलखात, सैनिकांमध्ये राहून केलेल्या ख्रिस्ती सेवेचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे हे घर. ‘मिशनरी’ म्हटलं की आपल्याकडे शाळा, दवाखाना आणि प्रवचन डोळ्यांपुढे येतं. इथे यातलं काहीच नव्हतं.

पहिल्या महायुद्धात जवळजवळ सारा बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेला. जो चिंचोळा कोपरा वाचला, त्यात पोपरिंगे होतं. पूर्वेला बाराएक किलोमीटरवर ईप्र शहर, आणि त्याच्यापुढे चिखलातले खंदक. ब्रिटिश फौजेतले शिपाई आघाडीवर जाताना या गावातून जात आणि जगले तर परत इथेच येत. थकलेल्या, दोन दिवसांची मोकळीक आणि खिशात पगार असलेल्या तरुणांसाठी गावात दारूचे गुत्ते होते, बटाटे-अंडी तळून देणारी दुकानं होती. अधिकाऱ्यांसाठी वेगळी, महागडी उपाहारगृहं होती. साध्या शिपायाला मात्र निवांत टेकायला जागा नव्हती.

सहाव्या डिव्हिजनचे ज्येष्ठ पाद्री नेव्हिल टॅल्बट यांना ही उणीव दिसत होती. त्यांचा धाकटा भाऊ गिल्बर्ट लेफ्टनंट होता. ३० जुलै १९१५ रोजी हूगच्या लढाईत तो मारला गेला, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. नेव्हिल स्वतः सरपटत पुढे गेले आणि भावाचं प्रेत त्यांनी शोधून काढलं. पुढे हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणणाऱ्या वेलीच्या फुलांच्या, एका व्यापाऱ्याचं तोफगोळ्याने थोडं ढासळलेलं घर भाड्याने मिळालं आणि त्याला टॅल्बट हे नाव मिळालं. ११ डिसेंबर १९१५ रोजी ते उघडलं. ते चालवायला नेव्हिल यांनी बोलावलं फिलिप क्लेटन या पाद्र्याला. ऑस्ट्रेलियात जन्मलेले, इंग्लंडमध्ये वाढलेले, पोर्ट्‌सीच्या चर्चमध्ये मदतनीस म्हणून काम केलेले क्लेटन अंगाने गोल, आवाजाने भारदस्त. सगळे त्यांना ‘टबी’च म्हणत. घर उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना तिसावं वर्ष पूर्ण झालं.

सैन्य हुद्द्यावर चालतं. कोण कुणाला सलाम करणार, कोण कुणासमोर बसणार, हे ठरलेलं असतं. टबींनी आपल्या खोलीच्या दारावर पाटी लावली, तिचा मतलब असा की आत येणाऱ्याने हुद्दा बाहेर ठेवून यावं. आणि ते पाळलं जाई. कर्नल आणि साधा शिपाई एकाच टेबलाशी बसून चहा पीत. टबींच्या दिमतीला आर्थर पेटिफर नावाचा शिपाई होता, त्याला सगळे ‘जनरल’ म्हणत. घरभर अशा पाट्या होत्या. निराशावाद्यांना एक पाटी सरळ बाहेरचा रस्ता दाखवी. हुकूम ऐकून कंटाळलेल्या माणसाला कुणीतरी हसवून सांगतं, याचं मोल ज्याने शिस्तीच्या जागी दिवस काढलेत त्यालाच कळेल.

घराची रचना समजून घ्यावी लागते, कारण माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे. खाली चहा, पियानो, पत्र लिहायला टेबलं. वाचनालयातून पुस्तक न्यायचं तर टोपी ठेवून जायची. टोपीशिवाय शिपायाला रस्त्यावर फिरता येत नसे, त्यामुळे पुस्तकं परत येत. एका भिंतीवर निरोपांची जागा होती. हरवलेल्या भावाचा, गावच्या मित्राचा ठावठिकाणा विचारणाऱ्या चिठ्ठ्या तिथे लागत. आघाडीचा एक नकाशा टांगलेला होता. ‘आपण इथे आहोत’ असं एकमेकांना दाखवताना इतकी बोटं त्यावर टेकली की पोपरिंगेचं नाव पुसून गेलं. मागे बाग होती, तिथे बसून युद्ध विसरावं अशी सूचनाही होती. वरच्या मजल्यावर अंथरुणं. आणि अगदी वर, पूर्वी जिथे हॉप्स साठवत, त्या माळ्यावर प्रार्थनेची जागा.

तिथे जाणारा शेवटचा जिना शिडीसारखा उभा आहे. अभियंत्यांना माळ्याची लाकडी जमीन इतक्या माणसांच्या भाराला धोक्याची वाटत होती, तरीही माणसं चढत राहिली. वेदी म्हणून बागेतल्या खोपटात सापडलेलं सुताराचं लाकडी बाक ठेवलं होतं. येशूही सुताराच्या घरचा, आणि शिष्यांबरोबरचं त्याचं अखेरचं भोजनही माडीवरच्या खोलीतच झालेलं. ज्या शिपायाला हे माहीत होतं, त्याला त्या बाकाकडे पाहून वेगळं काही सांगावं लागलं नसणार. युद्धाच्या काळात सुमारे २०,००० जणांनी इथे प्रभुभोजन घेतलं, असं मानलं जातं. कितीतरी जणांचं ते शेवटचं होतं.

पण वर चढायची सक्ती कुणावरही नव्हती. एखादा शिपाई महिनोन् महिने खालीच चहा पिऊन, पियानो ऐकून निघून गेला, तरी त्याचं स्वागत उणं होत नसे. मला या घराचा मोठेपणा इथे दिसतो. देव वर होता, जिना उघडा होता, आणि खाली बसलेल्याकडे कुणी हिशेब मागत नव्हतं. वारकऱ्यांच्या वाटेवरच्या धर्मशाळेत जसं आधी पाणी आणि पाठ टेकायला जागा मिळते, कुणी विचारत नाही की तू पंढरीला पोचणार की वाटेतूनच परतणार, तसंच काहीसं.

एक प्रश्न मात्र मला सुटत नाही. या घरापासून थोड्याच अंतरावर नगरपालिकेच्या इमारतीत कोठड्या आहेत आणि अंगणात एक खांब आहे. खंदकातून पळालेल्या ब्रिटिश शिपायांना तिथे कोंडून पहाटे गोळ्या घातल्या गेल्या. अशा शिक्षा झालेल्या ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने २००६ मध्ये माफी दिली. ज्या फौजेने हा खांब रोवला, तिचाच गणवेश पाद्री घालत. टबींच्या घरात ताजातवाना झालेला मुलगा परत त्याच चिखलात जात असे. मग हे घर युद्धाला मदत करत होतं का? एका अर्थाने करत होतं. तरी मी त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो, तेव्हा मला तत्त्वचर्चा नको असते. कुणीतरी नावाने हाक मारलेली हवी असते.

आपले शिपाई या घरात आले नाहीत. भारतीय फौज १९१४ च्या शरदात फ्रान्समध्ये उतरली. तिच्यात किरकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तुकड्याही होत्या आणि त्याच वर्षी न्यूव्ह शापेलला त्यांची फार हानी झाली. टॅल्बट हाउस उघडलं त्याच सुमारास भारतीय पायदळ फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाकडे निघालं होतं. मात्र आपल्या शिपायांमध्येही अशी सेवा झाली, ती वायएमसीए या ख्रिस्ती संस्थेच्या तंबूंमधून. डॉ. सुरेंद्रकुमार दत्त यांच्यासारखे भारतीय ख्रिस्ती त्यासाठी फ्रान्सला गेले. धर्मप्रचार करायचा नाही, ही अट होती. कागद-पाकीट द्यायचं, ज्याला लिहिता येत नाही त्याचं पत्र लिहून द्यायचं, ग्रामोफोन लावायचा. धर्मांतराच्या संशयाने शिपाई बिथरतील ही भीती १८५७ च्या उठावापासून सरकारच्या मनात होती, म्हणून ती अट. पण मला वाटतं, त्या अटीने सेवा उलट शुद्धच झाली.

हे काम थांबलेलं नाही. जर्मनीत, जपानमध्ये अमेरिकी लष्करी तळांच्या आसपास कॅडन्स इंटरनॅशनलसारख्या ख्रिस्ती संस्था घरं चालवतात आणि विशी-पंचविशीतली मुलंमुली तिथे इंटर्न म्हणून जातात. परदेश पाहायला मिळतो हे खरं. पण दिवसाचा बराचसा वेळ बाजार करण्यात, स्वयंपाकात, भांडी घासण्यात आणि ऐकण्यात जातो. पहिल्यांदाच घर सोडून आलेला एकोणीस वर्षांचा सैनिक जेवता जेवता आईबद्दल बोलू लागतो, तेव्हा आपण उत्तर द्यायचं की नुसतं वाढत राहायचं, हे ज्याला कळलं त्याचं निम्मं शिक्षण झालं. अशा सैनिकाची बदली होते आणि नवा येतो. निरोप हा या कामाचा नेहमीचाच भाग. पोपरिंगेत तो निरोप फार वेळा कायमचा असे.

वाचलेल्यांची नावं आणि पत्ते टबींनी जपून ठेवले होते. युद्ध संपल्यावर त्यांनी या माणसांना पत्रं लिहिली, आणि त्यातून ‘टॉक एच’ ही संघटना उभी राहिली. तारायंत्रवाले ‘टी’ अक्षराचा उच्चार ‘टॉक’ करत, म्हणून टॅल्बट हाउसचं ते आद्याक्षरी नाव. १९२२ मध्ये तिला राजसनद मिळाली आणि ती जगभर पसरली. कोचीच्या टॉक-एच शाळेत ते नाव आजही आहे. घर मूळ मालकाकडे परत गेलं होतं. ते १९२९ मध्ये लॉर्ड वेकफील्ड यांनी विकत घेऊन संघटनेला दिलं.

१९४० मध्ये जर्मन पुन्हा आले आणि या वेळी पोपरिंगेही त्यांच्या हाती पडलं. घरात जर्मन राहू लागले. पण त्याआधीच गावकऱ्यांनी घरातलं सामान हळूहळू उचलून आपापल्या घरी लपवलं होतं: चित्रं, पाट्या, माळ्यावरच्या प्रार्थनेच्या वस्तू. या लोकांची भाषा इंग्रजी नव्हती. टबींच्या पाट्या त्यांच्यासाठी लिहिल्याच नव्हत्या. सप्टेंबर १९४४ मध्ये पोलिश सैनिकांनी गाव मोकळं केलं, तेव्हा माणसं दारात येऊ लागली. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं.